किल्ल्या बाहेर ठेवून

पानामागे दोन रुपये मिळतात मला.
कुलाब्याच्या वेधशाळेची जुनी रजिस्टरं
यंत्राखाली उलगडून धरायची,
कसर झटकायची, पुढचं पान.
आकडे वाचू नका, म्हणाले होते. वेळ जातो.

पण सात वाचला गेला.

अठराशे सत्तरपर्यंत तो सरळ उतरतो,
कारकुनी, घरी जायची घाई असलेला.
मग एका श्रावणापासून
इंग्रजी सातच, पण पोटात वळलेला,
देवनागरी आधी गिरवलेल्या हाताचा.
सही तीच राहते: दि. धै.
दिनानाथ धैर्यवान, सहायक निरीक्षक,
पगार बावीस रुपये.

तेराव्या रजिस्टरच्या पुठ्ठ्याच्या आत शिसपेन्सिलीनं
‘खोबरेल पावशेर. कापूर.
लॉगरिदमच्या कोष्टकात पान ३१ चुकलं आहे,
यांना सांगणे.
— चिमा’

बाकीचं मी रचलंय.
पण साताच्या वळणावरून रचलंय.

ठाकुरद्वारला, नव्या वाडीत,
भात शिजेपर्यंत ती सरासरी काढायची.
सुई उत्तरेपासून किती ढळली:
अंश, कला, आणि कलेचाही दहावा भाग.
सासू विचारायची, आकडे काय आमटीत घालायचेत?
आमटीत तेच तर होते.

मग दिनानाथला हिवताप आला
आणि रात्रपाळी कुणाला सांगून चालणार नव्हतं.
दारावरचा पास्कू म्हातारा,
त्यानं शालीतला चेहरा पाहिला नाही,
नियम तेवढा सांगितला:
लोखंड बाहेर.

तिनं कमरेचा जुडगा सोडला.
कोठीची किल्ली, फडताळाची, लोणच्याच्या कपाटाची,
सासूनं अक्षय्यतृतीयेला चारचौघींत दिलेली सगळी सत्ता
भेंडीच्या झाडाखाली दगडावर ठेवली.
चंचीतला अडकित्ता ठेवला.
नथ राहू दिली.
सोन्याकडे सुई बघत नाही.

आत तांब्याचे खिळे, तेलाचा दिवा,
आणि रेशमाच्या कच्च्या धाग्याला टांगलेलं चुंबक,
ज्याच्याजवळ श्वाससुद्धा मोजून घ्यायचा.
दर तासाला एक आकडा.
मधल्या वेळात समुद्र.

फेब्रुवारी, बहात्तर, रविवार.
सुई हलायला लागली.
हलली, परतली, आणि मोजपट्टीच सोडून गेली.

आधी तिनं स्वतःलाच चाचपलं.
अंबाड्यातला आकडा? नाही, तो रुप्याचा.
पदराची गाठ सोडून पाहिली. सुपारीचं खांड.
जोडवी काढली, चांदीची, तरी काढली.
अनवाणी परत आत.
सुई तशीच, अंगात आल्यासारखी.

मग चूक माझी नाही, असं
तिनं मनात म्हटलं असेल का?
रजिस्टरमध्ये ते नाही.
तिथं एवढंच:
‘मोजपट्टीबाहेर. दिवा नीट. दार बंद.
उत्तरेला आकाश तांबूस.’
माहीमच्या बागा पेटल्या, असं पास्कू म्हणाला असणार.
ती आगीविषयी लिहीत नाही.

सोमवारी साहेबानं लाल शाईनं
त्या ओळीपुढे भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं.
दहा दिवसांनी, तारा आल्यावर,
दूरदूरच्या सुयाही त्याच घटकेला बिथरल्याचं कळल्यावर,
त्याच लाल शाईनं ते खोडलं.
शेजारी काही लिहिलं नाही.
दि. धै. यांना मात्र एक रुपया वाढ.

दगडावरून तिनं जुडगा उचलला असेल
तेव्हा तो गार असेल, दहिवरलेला.
घरी पोचून कोठी उघडली असेल.

आमचं यंत्र तिच्या साताला नऊ समजतं.
दर पानावर चार-पाचदा.
मी थांबते, हातानं दुरुस्त करते.
त्याचे पैसे वेगळे मिळत नाहीत.